स्वल्पविरामापाशी

मंगळवारी सात वाजता, पीटरहेडच्या ग्रंथालयात, वरच्या मजल्यावर
एकच रेडिएटर चालतो. सगळ्या खुर्च्या त्याच्याकडे सरकलेल्या.
बाहेर वारा, आणि वाऱ्यात बंदराचा वास.
फळ्यावर मी लिहिते 'इफ'
आणि सवयीने त्याच्यासाठी 'तर' शोधत राहते.
आमच्याकडे 'जर' राहिला तरी चालतं, 'तर' लागतोच.
इथे उलट. तर आलाच नाही कामावर,
त्याच्या जागी एक स्वल्पविराम,
हॅडॉकच्या काट्याएवढा.

झिनाइदा वही उघडत नाही. ती रीगाची,
सोळा वर्षं मासे सोलते आहे इथल्या फॅक्टरीत.
"बढतीच्या अर्जात मी लिहिलं, आय वर्क हार्डली.
सुपरवायझर हसला. मग अख्खी लाइन हसली.
स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली,
मग हार्डने काय पाप केलं?"
तिची बोटं टेबलावर, पेरापेरांत मिठाच्या चिरा.
मी सांगते, हार्ड म्हणजे कष्टाने,
हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच.
"दोन अक्षरं लावली," ती म्हणते, "आणि सोळा वर्षं गेली?"
मी भाषेच्या वतीने माफी मागते.
भाषा माझी नाही. तरी मागते.

मग तरतमभाव.
कोल्ड, कोल्डर, कोल्डेस्ट, हे सगळ्यांना पाठ,
त्यासाठी खिडकी पुरते.
घियाथ इदलिबचा, पाव भाजणारा, हात वर करतो:
"शेवटच्या पायरीला 'द' का लागतो?"
कारण ती एकच असते, मी म्हणते.
सगळ्यात उंच एकच, सगळ्यात वाईट एकच.
तो बोटं मोजतो. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जातो, थांबतो.
"सगळ्यात वाईट दिवस," तो म्हणतो, "माझ्याकडे पाच आहेत."
रेडिएटर खडखडतो.
मी त्याला 'वन ऑफ द' देते,
पावसात छत्री द्यावी तसं.
तो ते वहीत उतरवतो, खाली दोन रेघा मारतो.

पान बेचाळीस. मी करोडपती असतो तर. गाळलेली जागा भरा.
झिनाइदा नाक उडवते. रशियनमध्ये म्हणे
जर-तर करणाऱ्याच्या तोंडात अळंबी उगवतात.
मी सांगते, आमच्याकडे आत्याबाईला मिशा फुटतात
आणि लोक तिला काका म्हणायला लागतात.
घियाथला चिंता पडते:
"मग खऱ्या काकाला काय म्हणतात?"
याचं उत्तर व्याकरणात नाही.
हसून हसून कोणाचा तरी चहा सांडतो.

रोडेल एवढा वेळ लिहितोय.
इलोइलोचा, ट्रॉलरवर जाळी ओढतो,
बोट धक्क्याला असेल त्याच मंगळवारी येतो,
परवानगी बोटीपुरती, झोपतोही बोटीतच.
करोडपतीची जागा त्याने कोरी ठेवलीय.
खाली स्वतःची दोन वाक्यं, ठळक, वळणदार:
समुद्र शांत असेल, तर आम्ही जातो.
समुद्र शांत नसेल, तर आम्ही जातो.

मी लाल पेन धरून बसते.
काळ बरोबर. क्रियापद बरोबर.
स्वल्पविराम दोन्हीकडे जागच्या जागी.
नेहमी घडणाऱ्या गोष्टीसाठी हीच रचना,
पुस्तकात उदाहरण बर्फाचं आहे, तापवला की वितळतो.
मी दोन बरोबरच्या खुणा करते.
तो विचारतो, "करेक्ट?"
करेक्ट, मी म्हणते. घसा खाकरते.

खालून स्ट्रॅकन किल्ल्या वाजवत वर येतो,
दारातून हाक देतो, "फिट लाइक?"
हे कुठल्याच धड्यात नाही.
सगळे एका सुरात, पान तीनप्रमाणे:
"आय अ‍ॅम फाइन, थँक यू."
तो मान हलवतो. दिवा घालवतो.

आज पुन्हा मंगळवार. तीन खुर्च्या भरलेल्या,
कालपासून वारा खिडकीला कोल्डेस्ट शिकवतोय.
हजेरीत रोडेलच्या नावापुढे मी काहीच लिहीत नाही.
फळ्यावर अर्धं वाक्य घालते सरावासाठी,
काट्याएवढ्या खुणेपाशी येते,
खडू तिथेच टेकवून उभी राहते.
झिनाइदा म्हणते, "पुढे?"