माया

राजारामपुरी, अकरावी गल्ली, जिन्याखालची जागा.
एक मशीन, एक ट्यूबलाइट, आणि पाटी:
ऑल्टर, फॉल-पिको, रफू.
रफूला गेल्या दिवाळीपासून कुणी आलेलं नाही.

तेजश्री मगदूम स्कूटी चालू ठेवूनच हाक मारते,
"आलो गं हसीनामावशी, दोन मिनिटं!"
आमच्याकडं बायका अशाच बोलतात, आलो, गेलो.
मोबाइलमधली तेजश्री मात्र म्हणते,
"हाय गाईज, मी आलेय."
त्या 'आलेय'ला अठ्ठावीस हजार फॉलोअर्स आहेत.

पार्सलची पिशवी ती दातांनी फाडते.
रंग विचारला तर लव्हेंडर म्हणते.
मला वाटतं, वांग्याचं फूल.
"कमरेत दीड इंच घे. पण कच्चा टाका हं.
आणि टॅगला हात लावू नकोस,
शुक्रवारी परत जायचाय."

कच्चा टाका म्हणजे
नवरीचा ब्लाऊज अंगावर बघताना घालतात तो,
एक टोक ओढलं की सगळा सुटणारा.
तीस वर्षं मी तो नुसता मापाला घातला.
आता तेवढंच काम उरलं. वीस रुपये.

संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर
ती गिरकी घेते.
टॅग काखेत दडवलेला, टोचत असणार,
चेहऱ्यावर काही नाही.
सात सेकंद.
खाली बदाम, बदाम, बदाम,
आणि "लिंक दे ना ताई",
मुरगूडहून, गडहिंग्लजहून,
कुठल्या कुठल्या होस्टेलच्या खाटांवरून.

अब्बा शिकवायचे, माया सोड.
शिवणीच्या आत अर्धा इंच कापड राखून ठेव.
माणूस भरतं, आटतं, बाळंत होतं,
कापडाला ते आधीच ठाऊक पाहिजे.
शाळेचा एक फ्रॉक तीन इयत्ता चालायचा
त्या अर्ध्या इंचावर.

हे ड्रेस मी उलटे करून बघतो.
कात्री इतक्या कडेनं फिरलेली
की ओव्हरलॉकच्या पलीकडं सूतभर नाही.
कुणीतरी बाई असणारच तिकडं, माझ्यासारखीच,
पुढचा ढीग येऊन पडायच्या आत हा संपवणारी.
माया सोडायला तिला कोण वेळ देतंय?

श्रावण सरता सरता
सीपीआरच्या रात्रपाळीच्या उज्ज्वला सिस्टर आल्या.
रात्री दोन वाजता, वॉर्ड निजल्यावर,
कुणाची तरी गिरकी बघून मागवलेला ड्रेस.
वांग्याचं फूल.
"छातीत आवळतोय, जरा सोडून दे.
नवाकोरा आहे, डाग पाडू नकोस."

उलटा केला.
कमरेच्या शिवणीत बोटभर पोपटी दोरा.
माझा.
त्या दिवशी जांभळं रीळ संपलेलं,
म्हटलं, कच्चाच तर आहे, कोण बघतंय.

किती ट्रक, किती गोदामं फिरून
तो अकराव्या गल्लीत परत आला होता,
नव्या पिशवीत, नव्याच्या वासासकट.
सिस्टर पंख्याखाली घाम पुसत होत्या.
"नवाच आहे न्हवं?"
मी व्हय म्हणालो.
दोरा तोंडात धरला तो तसाच राहिला.

सोडायला आत काहीच नव्हतं.
मग चिंध्यांच्या बोचक्यातून
कुणाच्या तरी लग्नातलं जांभळट अस्तर काढलं,
काखेखाली दोन पट्ट्या घातल्या,
पक्का टाका, दुहेरी.
आणि त्या पट्ट्यांना
दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच राखला.
आता हा परत जायचा नाही.
घेतील कसा? टॅग आहे, पण ड्रेस तो नाही.

पैसे किती, सिस्टरनी विचारलं.
वीसच सांगितले. का, ते मलाही कळलं नाही.

बाहेर स्कूटीचा हॉर्न.
"आलो गं मावशी!"
या खेपेला पिवळा.
त्याला ती काय म्हणते ते विचारायचं राहिलं.
पिवळं रीळ डब्यात होतं, भरलेलं.
मी पोपटी ओवलं.