मुठीजवळची जागा

नाताळ लागायचा तो हातोडीच्या ठोक्यांनी.
बाबा आतल्या खोलीच्या दाराच्या बिजागऱ्या सोडवायचे,
दार आडवं करून दोन पिंपांवर टेकवायचे,
कॉड खारवायची पिंपं, वास काही केल्या जायचा नाही.
आई वर चादर घालून म्हणायची,
"मुठीजवळ कुणीतरी लहान बसवा."
मूठ काढायचं कधी कुणाच्या मनातच आलं नाही.
तिथं ताट कलतं राहायचं,
रस्सा डावीकडे गोळा व्हायचा.
ती जागा माझी. अकरांतली मी नववी.

न्यूफाउंडलंडच्या त्या खाडीत तेव्हा वीज नव्हती.
भिजवून खार काढलेला मासा, बटाटे,
मनुकांचा पाव, ऊन पाण्यातलं लाल सरबत.
पहिली पंगत पुरुषांची, दुसरी आमची,
तिसरीला आई आणि ब्राइड आत्या,
तोवर मासा संपलेला असे, काटे असत,
त्या काटे चोखत हसत बसायच्या.
दाराविना उघड्या पडलेल्या खोलीतून
वारा यायचा आणि सगळ्यांच्या पाठीशी उभा राहायचा.

पुढच्या बारा रात्री सोंगं यायची.
तोंडावर उशीचे अभ्रे, बायकांच्या अंगात तेलकट कोट,
आवाज ओळखू नये म्हणून श्वास आत ओढत बोलायची.
आम्ही ओळखायचोच. अल्फॉन्ससचा डावा बूट करकरे,
लोरेटोला हसू आवरत नसे.
लिओ बुडाला त्या वर्षी मात्र
एक सोंग शेवटपर्यंत ओळखू आलं नाही.
बोललं नाही. थोडं नाचलं.
आईने केकचा सगळ्यात मोठा तुकडा कापून
त्याला माझ्या जागेवर बसवलं,
आणि आम्हाला डोळ्यांनीच दटावलं:
विचारायचं नाही.

मग सरकारचा माणूस आला, म्हणाला,
इतक्या लांब रस्ता पोचत नाही, डॉक्टर पोचत नाही,
तुम्हीच तिकडे या.
सदुसष्टच्या ऑगस्टात घर पाण्यात लोटलं.
खाली बांधली तीच पिंपं, आणखी चाळीस उसनी,
आणि सहा होड्यांनी ओढत नेलं खाडीपार.
आई होडीत पाठ करून बसली होती.
घराकडे नाही, मागे राहिलेल्या कबरींकडे बघत.
त्या नाताळात बाबांनी दार काढलं तर
चौकट किंचित तिरकी झालेली.
परत बसवताना रंधा मारावा लागला.

नंतरचं मला वर्षवार सांगता येत नाही.
एका वर्षी एकोणपन्नास माणसं, मुलं जिन्यावर जेवली.
एका वर्षी सेल्बी आणि जेरार्ड जमिनीवरून भांडले,
दोघं पाच नाताळ पाळीपाळीने यायचे.
आई गेली त्या वर्षी केकमध्ये कुणी साखरच घातली नाही,
प्रत्येकीला वाटलं, दुसरीने घातली असेल.
आम्ही तो संपवला.

ब्याण्णवला कॉड बंद झाला.
पोरं अल्बर्टाला गेली, तेलाच्या कामावर.
आधी फोन यायचे, सगळे एकदम बोलत,
आता पडद्यावर तोंडं येतात, कपाळं कापलेली,
कुणाच्या तरी मागे कुत्रा भुंकत असतो.
दार वीस वर्षं जागेवर होतं. मिटलेलं.
खोली ऊबदार झाली, हे खरं.

यंदा जेरार्डची नात आली, मजेला, एकटीच.
म्हणाली, ते दार मला बघायचंय.
बिजागऱ्यांवर रंगाचे चार थर चढलेले.
मी म्हटलं, मोडेल, राहू दे.
तिने ऐकलं नाही.
ठोके मात्र तिचे बाबांसारखे नव्हते, फार घाईचे.

जेवायला चौघं. टेबल पुरत होतं, दाराची गरजच नव्हती.
दाराच्या पोटाशी पेन्सिलीने लिहिलेली नावं निघाली,
खाली लपणाऱ्या पोरांची.
लिओचं "ल" उलटं काढलेलं.
पिंपं नव्हती, खुर्च्यांवरच टेकवलं.

मी मुठीजवळ बसले. या वयात लहान कोण राहिलंय दुसरं?
पाठीला वारा लागला.
रस्सा अजून डावीकडेच जातो.