पाद्रीबुवांनी वाचून दाखवावे

आउग्सबुर्ग. मार्टिनच्या सणाची आदली रात्र.
सन सोळाशे एक्क्याण्णव.

डोंगरातून तुमचं चौथं पत्र आलं, आपोलोनियाबाई.
अक्षर पाद्रीबुवांचं, ठसठशीत, उजवीकडे कललेलं:
विधवा कोष्टीण, वय बेचाळीस, अंगात कसकस, झोप नाही,
परमेश्वराच्या इच्छेपुढे मान तुकवून आहे.
सोबतची लघवीची बाटली वाटेत फुटलेली,
सगळ्या थैलीला तिचा वास.

तरी मी निदान केलं असतं. करतोच.
चाळीस वर्षं मी न पाहिलेल्या जिभांवर भरवसा ठेवतोय,
दुसऱ्यानं मोजलेल्या नाडीवर,
तिसऱ्यानं सांगितलेल्या घामावर.
तीनदा तुम्हाला लिहिलं: काळं पित्त.
तीनदा लिहिलं: गाढविणीचं दूध, खारवलेलं मांस वर्ज्य.
पत्राभोवतीचा दोरा कापायचा आणि खणात टाकायचा.

बहीण माझी, वाल्बुर्गा, सुताचा तुकडाही वाया न घालवणारी.
काल तिनं ते चार दोरे मेजावर ओळीनं मांडले.
"कोष्टीण अशी गाठ मारेल? चुकून?"
पहिल्याच्या टोकाला मसुराएवढी.
मग वाटाण्याएवढी. मग चेरीएवढी.
या खेपेची अक्रोडाएवढी, फेऱ्यावर फेरा, फेऱ्यावर फेरा.
वाल्बुर्गा काही बोलली नाही.
तिनं हात छातीशी नेला,
आणि मी बघतोय म्हटल्यावर काढून घेतला.

यातलं काहीच मी लिहू शकत नाही.
पाद्रीबुवा मोठ्यानं वाचणार, चुलीपाशी,
तुमचा दीर दारात, शेजारीण खिडकीत.
म्हणून लिहितो ते असं:

*औषध तेच. दूध कोमट घ्यावे.
आता थोडे कापडाविषयी; पाद्रीबुवांनी कंटाळू नये.
मला बारा हात जवसाच्या सुताचे कापड हवे आहे.
कळते की तुमच्या ठाणात एक गाठ आली आहे.
ती ओढू नका. रोज चिमटीत धरून पाहत बसू नका.
जत्रेतल्या कात्रीवाल्याच्या हाती देऊ नका,
तो गाठीसोबत कापडही नेतो, आणि पैसे आधी घेतो.
बोटाने ढकलली तर ती सरकते,
की कापडाला धरून बसली आहे?
सरकत असेल तर पुढच्या पत्राला सैल फास घाला.
बसली असेल तर घट्ट.
बाहीच्या जोडापाशी आणखी बारीक गाठी हाताला लागल्या,
तर जेवढ्या लागतील तेवढ्या दोऱ्यात मारा.*

*फास सैल असेल तर बर्फ पडण्याआधी या.
वाल्बुर्गाच्या खोलीत दुसरी खाट आहे.
माझ्या ओळखीचा एक कारागीर आहे,
हात जलद, सकाळी दारू न पिणारा.*

*घट्ट असेल तर*

इथं मी तीन ओळी लिहिल्या,
आणि चाकूनं खरवडून काढल्या.
कागद तिथं पातळ झालाय.
पाद्रीबुवांनी दिव्यासमोर धरला
तर त्यांना फक्त दिवा दिसेल.

त्या जागेपुढे लिहिलं:

*घट्ट असेल तरी कापड मी घेईन.
जेवढे विणून होईल तेवढे. भाव तोच.
झोपेसाठी थेंब पाठवत आहे, मेणाने बुच बंद केले आहे;
किती घ्यायचे ते बाटलीवर रेघांनी दाखवले आहे,
सर्वांत वरची रेघ कधी, ते तुमचे तुम्हाला कळेल.*

*फी म्हणून चीज पाठवू नये. मागचे निम्मे उंदरांनी खाल्ले.*

*दोरा मात्र तुम्ही स्वतः बांधावा.
पाद्रीबुवांची गाठ भली, पण ढिली पडते,
टपालवाला तक्रार करतो.*