एकशे सोळा बार, मग एकदाच

कोजागरीला देवळाली, सॅनेटोरियमच्या अंगणात, आटीव दुधासकट.
दिवाळीनंतरच्या रविवारी कॉलेज रोड.
नाताळाच्या आदल्या संध्याकाळी शरणपूरचं चर्च.
तीन तारखा, कॅलेंडरवर
सिलिंडर लावल्याच्या नोंदीशेजारी लाल पेनाने गोल केलेल्या.
तालीम दर बुधवारी, पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये,
कारण द्राक्षं जानेवारीपर्यंत येत नाहीत
आणि बोरस्त्यांची ऋजुता चेलो वाजवते.

क्रेटवर क्रेट, वर स्वरलिपीचे कागद,
उडू नयेत म्हणून कपड्यांचे चिमटे.
बाहेर नुकती छाटणी झालेल्या वेली,
डोळ्यांना पेस्ट लावून बोडक्या उभ्या.
आत अठ्ठावीस माणसं, दोन पंखे,
आणि ओबो नाही. ओबो आमच्यात कुणालाच येत नाही.
त्याच्या ओळी क्लॅरिनेट उसन्या घेतं,
शेजारणीकडून वाटीभर साखर न्यावी तशा.

मी ट्रँगल.
सातपूरला ओळखीच्या कारखान्यात सळई वाकवून घेतलेला.
चौतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या,
एक कमी भरली नाही.
एस्तेरबाईंनी पहिल्या दिवशी एवढंच विचारलं,
"वाजवायचं नंतर बघू, पगारे. तुम्हाला थांबता येतं का?"

संथ भागात एकशे सोळा बार गप्प बसायचं,
एकशे सतराव्यावर एकदा वाजवायचं.
(बार म्हणजे तसला नव्हे.
वाइनच्या गावात हे प्रत्येकाला सांगावं लागतं.)

गेल्या नाताळात एक्याण्णवपर्यंत नीट आलो होतो.
मग पुढच्या बाकावर एका बाळाने टोपी काढून फेकली,
आईने ती न बघताच झेलली,
आणि माझा आकडा गेला.
हात वर, काडी हवेत, बार येऊन निघून गेला.
कुणाला कळलं नाही. टाळ्या भरपूर.
बाईंनी फक्त चष्मा पुसला.

यंदा रफिक पिंजारीचा ट्रंपेट अर्धाच आपला.
तुळशीचं लग्न लागलं की त्याच्या बँडला दाट तिथ्या.
"धुंधुरमास लागू द्या मॅडम, मग मी तुमचाच,"
तो फोनवर ओरडतो, मागे कुणाची तरी मिरवणूक.
सुभेदार पोन्नप्पा, तोफखान्याच्या बँडमधले,
त्यांना आतापासूनच डिसेंबरची धास्ती:
निफाडला पारा चारवर आला की पितळाचा सूर खाली बसतो.
गेल्या वर्षी हॉर्नला बायकोचा स्वेटर घालून आणला होता,
मरून रंगाचा, एक बटण कमी.

शीतगृहाच्या एका खोलीत कुणाचे तरी बेदाणे आहेत.
तिची घरघर आमच्या सुराच्या जरा खाली,
व्हायोलिनवाले तिला शिव्या घालतात.
संथ भागापुरतं ऋजुता मशीन बंद करते.
"अकरा मिनिटांत बेदाण्यांना काही होत नाही,"
तिचे वडील म्हणाले, "बारा नको."

काल तिने बटण दाबलं.
घरघर थांबली तेव्हाच कळलं, किती वेळ चालू होती.
मोजायला लागलो.
प्रेसच्या सवयीने, अंगठा ओला, ओठ न हलवता,
शंभराची एक गड्डी आणि वर सोळा सुट्या.
चव्वेचाळीसला चेलो.
सत्तरला पोन्नप्पा, जरा भसाडे, पण वेळेवर.
एक्याण्णव.
एक्याण्णवला नजर आपोआप गेली त्या टोपीकडे,
तिथे रिकामे क्रेट होते.
ब्याण्णव.
पुढचं आठवत नाही, आकडेच आठवतात.
एकशे सोळा.

वाजला.

वॉचमन हौशीराम दारातून डोकावला,
"चहा झाला का?"
सगळे हसले. बाईही हसल्या,
मग छडी क्रेटवर आपटून म्हणाल्या,
"पुन्हा. पहिल्यापासून."
ऋजुताने घड्याळ बघितलं,
"बाई, चारच मिनिटं उरलीत बेदाण्यांची."

मी अंगठा ओला केला.