उरलेलं पुढच्या पावतीवर

सावद्याच्या वजनकाट्यावर मी रात्रपाळीला असतो.
ट्रक चढतो, आकडा थरथरतो, थांबतो.
भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा केलं
की उरतात ती केळी.
पावतीची मागची बाजू कोरी असते
आणि तिचं वजन कुणी धरत नाही.

तिथं सुरू केली.
द्वारकी नावाची बाई
पहाटे तापीच्या पुलावर उभी,
हातात पत्र्याची पेटी,
पेटीला कुलूप नाही, सुतळी.
एवढंच मावलं.
खाली लिहिलं: उरलेलं पुढच्या पावतीवर.

फैजपूरला शरीफच्या मशीनमध्ये
पावत्या उलट्या घालून चाळीस प्रती काढल्या.
कागद अडकला की तो मला शिव्या द्यायचा.
शेठला सांगितलं, जाहिरात आहे.
कसली, ते त्यानं विचारलं नाही.

पहिल्या आठवड्यात
पहिल्या भागानं कुणी ऑइलची पट्टी पुसली,
कुणी तंबाखू बांधली.
दुसरा भाग मी टायरखाली पाहिला,
द्वारकीच्या कपाळावरून चाकाची नक्षी गेलेली.
तरी तिसरा लिहिला.
का लिहिला, ते विचारू नका.
रात्र मोठी होती.

मग पारोळ्याचा एक ड्रायव्हर
काट्यावर गाडी लावून खाली उतरला.
"मंग काय व्हयनं रे भो, त्या पेटीनं?"
म्हटलं, आधी वजन होऊ दे.
म्हणाला, वजन जाऊ दे.
मागं सात ट्रक हॉर्न वाजवत होते
आणि मला, आयुष्यात पहिल्यांदा,
गर्दी आपल्यासाठी झाल्यासारखी वाटली.

जुम्मा तडवीला वाचता येत नाही
पण गोष्ट सगळ्यांत जास्त त्यालाच येते.
घड चढवता चढवता तो ती सांगतो,
आणि मला गाठून म्हणतो,
पाचव्या भागात ती नदीत पडली होती ना,
मग सहाव्यात तिच्या बिड्या कोरड्या कशा?
सातव्यात मी बिड्या उन्हात वाळवल्या.

चप्पलवाले नेहेते म्हणाले,
तिला एकदा आपल्या दुकानातून चप्पल घेऊ दे.
घेऊ दिली.
पुढच्याच भागात पट्टा तुटला, गोष्टीला गरज होती.
ते अजून माझ्याशी बोलत नाहीत,
पण भाग न्यायला पोराला पाठवतात.

कोकिळाबाई फेगडे सगळे भाग
केळीच्या सोपाच्या दोऱ्यानं शिवून ठेवतात.
त्यांच्याकडे अकरावा नाही.
अकरावा कुणाकडेच नाही.
चाळीसच्या चाळीस प्रती एका रात्रीत
दिल्लीच्या, कानपूरच्या गाड्यांबरोबर गेल्या,
आणि मूळ कागद मी त्याच रात्री, घाईत,
खऱ्या वजनाची पावती म्हणून फाडून दिला.

आता अकराव्यात काय होतं
ते जो तो वेगळं सांगतो.
जुम्मा म्हणतो, पेटी हलली.
शरीफ म्हणतो, पेटी नाही, पूल हलला.
कोकिळाबाई म्हणतात, काही घडलंच नाही,
ती नुसती बसून कळण्याची भाकर खात होती,
आणि मला तोच भाग आवडला.
मी काय लिहिलं होतं, मला आठवत नाही.
जे आठवतं ते याहून हलकं आहे.
म्हणून बारावा अडला.
तीन रात्री पावत्या मागून कोऱ्याच गेल्या,
आणि लोक त्या उलटून उलटून बघत होते.

पेटीत काय आहे, हे मलाही माहीत नाही.
हे कुणाला सांगू नका.

काल पहाटे आझादपूरहून गाडी रिकामी परतली.
क्लीनर पोरानं खिशातून घडी काढली:
अकरावा.
चिकाचे काळे डाग, अर्ध्या ओळी गेलेल्या.
वाचणार होतो,
पण खाली, जिथं मी "उरलेलं पुढच्या पावतीवर" लिहितो,
तिथं कुणीतरी, मराठी येत नसलेल्या कुणीतरी,
जाड पेन्सिलीनं, हिंदीत, एकच शब्द लिहिला होता:

आगे?

गाडी काट्यावर होती. आकडा थांबला होता.
मी पावती उलटी केली.