ओलं की कोरडं

आमच्या घरात तो कधीच आला नाही.
उंबऱ्यापर्यंत यायचा, पुढचे पाय पसरून बसायचा
आणि अम्मा म्हणायची, तिथंच. बस्स.

निपाणीत तंबाखूच्या वखारीवर अब्बा राखणदार.
राखणीला चालतो, मौलवीसाब म्हणाले होते,
रानाला, मेंढरांना, शिकारीला चालतो,
लाडाला नाही.
म्हणून अम्मानं त्याला नाव ठेवू दिलं नाही.
नाव ठेवलं की लाड सुरू होतो.

वखारीच्या खिळ्याला अब्बांचा एक सदरा वेगळा असायचा,
फक्त नमाजाचा.
अंगातल्या सदऱ्याच्या बाहीला रात्रभराची लाळ,
तंबाखूची धूळ, दोघांत वाटलेल्या भाकरीचा चुरा.

एकदा त्यानं बधन्याच्या तोटीला जीभ लावली.
मौलवीसाब म्हणाले, तीनदा धुवा, पुरे.
अब्बांचे सावंतवाडीचे साडू म्हणाले, आमच्यात सात,
त्यातलं एक मातीनं.
अम्मानं सात केले. वर तीन.
आणि नळ एक दिवसाआड!
अब्बा ओट्यावर बसून मोजत होते, हुक्केरीच्या कन्नडात,
ओंदु, एरडु, मूरु,
तिला चिडवायला.

तहानलेल्या कुत्र्याला कुणीतरी विहिरीत उतरून
बुटातून पाणी आणून पाजलं, त्याचं सगळं माफ झालं,
ही गोष्ट अब्बांची आवडती.
अम्मा विचारायची,
मग तो बूट त्यानं किती वेळा धुतला?

माल भरायच्या दिवसांत अब्बा गेले.
अम्मा इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस
उंबऱ्याच्या आत.
तो उंबऱ्याच्या बाहेर.
मगदूम शेठनी दोनदा माणूस पाठवला, साखळी घेऊन.
दोन्ही वेळा तो मुकाट गेला,
दोन्ही वेळा रात्री परत आला, दुसऱ्यांदा साखळीसकट.
संध्याकाळी दार किलकिलं करून
अम्मा खापरात पाणी सोडायची,
वरून, धार धरून,
तोटी खापराला लागणार नाही अशी.
त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.
माझ्याशी तरी कुठं बोलत होती.

इद्दत संपली त्या दुपारी
ती पहिल्यांदा पायरी उतरली.
तो उठला, साखळी वाजली,
तिच्या साडीचा काठ हुंगला
आणि परत बसला.
जोहरची अजान व्हायची होती.
अम्मा तशीच उभी.
"नाक ओलं होतं का रे त्याचं?"

कोरडं, मी म्हणालो.
मी बघितलं नव्हतं.
तिनंही वाकून काठ बघितला नाही.