तिरपं उभं राहणं

रात्रीचे अडीच. मे महिना.
भिंतीला हात लावला तर भिंत अजून दुपारीच.
वॉर्डाबाहेर झिंगरूजी लाडे
सलाईनचा स्टँड उलटा धरून उभे :
"दार उघड बे! नागभीडची गाडी सुटून राहिली!"

निकेश पट्ट्या घेऊन धावत आला.
त्याच्या चपला मला ऐकू आल्या,
झिंगरूजींना त्याहून आधी.
स्टँड खांद्यापर्यंत चढला.

म्हटलं, पट्ट्या खिशात घाल. कूलर बंद कर.
"कूलर? ह्या गरमीत?"
हो. त्या घरघरीत माणसाला
आपलाच आवाज पुरत नाही,
मग तो वाढवत जातो.

कूलर थांबला. वाळ्यातून थेंब पडत राहिले.

मी दारातून बाजूला झाले.
तिरपी उभी राहिले,
बर्डीच्या स्टॉपवर अनोळखी माणसाशेजारी राहतो तशी,
दोघांची नजर एकाच रस्त्याकडे.
हात दिसतील असे. रिकामे.
डाव्या मनगटावर जुना व्रण आहे,
त्या साली मी म्हणाले होते, "आजोबा, शांत व्हा."
शांत व्हा म्हटल्यावर शांत झालेला माणूस
बावीस वर्षांत पाहिला नाही.
घरीसुद्धा नाही.

गाडी कधीच बंद झाली, हेही सांगितलं नाही.
खरं आहे ते,
पण रात्री अडीचला खऱ्याचं करायचं काय?
विचारलं, "लाडेजी, आज ड्यूटी कोणासोबत?"

उत्तर नाही.
मी थांबले. थांबण्याचा पगार
कोणत्याच कागदावर वेगळा लिहीत नाहीत.
घाम मानेवरून खाली येऊ दिला, पुसला नाही.
हात वर नेला असता तर त्यांनी पाहिला असता.

"वॉल्व गळून राहिला," बऱ्याच वेळानं म्हणाले,
आवाज एक पायरी खाली.
"सांगून राहिलो कवाचा. कोणी ऐकतच नाही."

तेव्हा मी खाली पाहिलं.
पायजमा गुडघ्यापर्यंत ओला.
संध्याकाळच्या चार्टवर लिहिलेलं :
कारण नसताना आक्रमक.
खाली सही माझीच.

"मी ऐकून राहिली," म्हटलं.
माझाच आवाज जरा हलला.
"आधी वॉल्व पाहू. गाडी थांबते तेवढी."

स्टँड खाली आला. दिला नाही त्यांनी.
मी मागितलाही नाही.
न्हाणीत तो आमच्यासोबत आला,
बाकावर आमच्या दोघांमध्ये बसला,
तिकीट काढलेल्या तिसऱ्या माणसासारखा.

पावणेचारला निकेशनं माठातलं पाणी आणलं,
दोनच गिलास.
झिंगरूजींनी आपला अर्धा त्याच्यापुढे धरला.
"फायरमन नवा दिसते."
"हो. पहिलीच रात्र."
"मंग सांग त्याले, पळू नोको म्हणा.
इंजिन बिथरते."